चितारी आजोबांचा चेहरा

हिरव्यागार डोंगराच्या पायथ्याशी शेवंता नावाची इवलीशी मुलगी राहायची. तिला आई नव्हती, बाबा नव्हते. दिवसभर ती फुलांच्या माळा विकायची आणि देवळाच्या ओसरीवर निजायची.

जवळच्या बागेत म्हातारे चितारी आजोबा राहत. शेवंता त्यांना पाणी आणून द्यायची, त्यांचे कुंचले धुवायची. आजोबा तैलरंगांत स्वतःचंच चित्र काढत होते, पण ते काही केल्या जमेना! कधी काळ्याभोर मिशांचा तरुण उमटायचा, कधी कपाळाला आठ्या घातलेला रागीट म्हातारा. आजोबा आरशात बघत, चित्र बघत आणि सगळं पुसून टाकत.

“हा कोण गं?”

“तुम्हीच की, आजोबा!”

“मी? असा?” आजोबा आणखीच गोंधळत. हिरमुसून कुंचला खाली ठेवत.

एका संध्याकाळी आजोबा बागेत आरशासमोर बसले असताना शेजारच्या सोनचाफ्याच्या झाडातून चमचमत्या पंखांची चिमुकली परी उतरली.

“शेवंता, तू गुणाची पोर आहेस. एक इच्छा माग. पण सूर्य बुडायच्या आत, आणि एकदाच हं!”

शेवंता बावरली. काय मागावं? स्वतःसाठी घर? की आजोबांना तरुण करावं? पण मग ते आजोबा कसे राहतील? चित्रच पुरं करून मागावं? पण मग ते त्यांनी काढलेलं कुठं असेल? सूर्य तर लालबुंद होऊन डोंगराला टेकला!

“आजोबांना कळत नाही ते कसे दिसतात,” ती घाईघाईनं म्हणाली. “मला माहीत आहे. त्यांना घडीभर माझे डोळे दे.”

“मग तुझ्यासाठी काहीच उरणार नाही, बाळ.”

शेवंतानं आजोबांकडे पाहिलं. “चालेल.”

परीनं पंख हलवले. आजोबांनी आरशात पाहिलं आणि भराभर कुंचला चालवला. मऊ सुरकुत्या, पांढरेशुभ्र केस, हसरे, ओलसर डोळे!

“इतका मायाळू दिसतो मी तुला?” आजोबा शेवंताकडे वळले. “मग पोरी, तू ओसरीवर का निजतेस? इथंच राहा ना माझ्यापाशी! हे मला आजवर सुचलं कसं नाही?”

शेवंतानं चकित होऊन परीकडे पाहिलं.

“हे मी नाही हं केलं!” गोंधळलेली परी खुदकन हसली, आणि हसता हसताच सोनेरी उजेड होऊन बागभर विरून गेली.