फसलेल्या रंगांची वही

दिवाणसाहेबांनी संस्थानात ज्ञानभांडार उघडलं आणि हुकूम सोडला, की प्रत्येक कारागिरानं आपली विद्या लिहून जमा करावी. चिमाबाई रंगारीण दोन वह्या घेऊन गेली. एकीत जमलेले रंग होते, दुसरीत फसलेले. प्रत्येक फसलेल्या रंगाची चिंधी कृतीसकट चिकटवलेली.

"सरकारी भांडारात चुका ठेवायच्या?" म्हणत दिवाणसाहेबांनी दुसरी वही शेगडीत घातली.

महिन्याभरात महाराजांना हुक्की आली, की दसऱ्याच्या फेट्याला कुणी कधी न पाहिलेला रंग हवा. पहिला मान आपलाच, म्हणून दिवाणसाहेबांनी स्वतःचा रेशमी फेटा चिमाबाईकडे धाडला. भर दरबारात तो परत आला, तो शेणकाल्यात बुडवल्यासारखा!

"ही काय थट्टा?" दिवाणसाहेब कडाडले. "फटके मारा हिला!"

चिमाबाईनं पदर सावरला. "मारा की. पण जाळलेल्या वहीत एकेचाळीस चुका होत्या, पुन्हा होऊ नयेत म्हणून लिहिलेल्या. आता एकेक नव्यानं करून बघणं आलं. ही पहिली."

महाराजांनी फेट्याकडे पाहिलं, मग दिवाणसाहेबांकडे.

"दिवाणजी, घरात आणखी चाळीस फेटे असतीलच ना तुमच्या?"