लोहारणीचा ठोसा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मंडळी. इतकी जुनी, की ज्यांनी ती मला सांगितली त्यांनीही ती कोणाकडून तरी ऐकलेलीच होती.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक तालीम होती. तिथे ना तलवार होती, ना लाठी. तिथे रिकाम्या हातांची विद्या शिकवली जाई. पांढरे कपडे घालायचे, समोरच्याला वाकून नमस्कार करायचा आणि मगच हात उचलायचा. शिकवणारे वस्ताद म्हातारे होते, अंगाने अगदी काटकुळे, पण त्यांच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती.

त्या तालमीचा एक नियम होता. ठोसा मारायचा तो पुऱ्या ताकदीने, पण समोरच्याला लागू द्यायचा नाही. बोटभर अंतरावर थांबवायचा. सरावासाठी कुंभाराकडून रोज ओली मडकी येत. मातीवर बोटांची खूण उमटली, की चुकलं. फार लांब थांबलं, तरी चुकलं. "भिऊन थांबणं म्हणजे थांबणं नव्हे," वस्ताद म्हणत. ज्याला मडक्यासमोर हात थांबवता येत नाही, त्याला ते माणसासमोर उभं करत नसत.

या तालमीत गावची लोहारीण शिकायला येई. भट्टीपाशी तिचा नवरा सांडशीत तापलेलं लोखंड धरी आणि ही त्यावर घण घाली. असे दणकट हात साऱ्या पंचक्रोशीत कोणाचे नव्हते. तिला एकच ध्यास होता, एकदा तरी माणसासमोर उभं राहायचं. पण तीन वर्षं झाली तरी तिचा ठोसा काही वेळेवर थांबेना. रोज मडक्याला पोचा पडे.

कुंभार भला माणूस. पोचा पडलेली मडकी भाजून तो तिलाच देऊन टाकी. लोहाराच्या घरात मडक्यांत धान्य होतं, मडक्यांत मीठ होतं, आणि दोन मडक्यांत तर कोंबड्या अंड्यांवर बसल्या होत्या.

"अगं, भात शिजवायला एक मडकं पुरतं," लोहार म्हणे. "आता गावजेवणच घालूया!"

ती खळखळून हसे. पण तालमीचे कपडे धुऊन वाळत घालताना तिला वाटे, आपलं हे पांढरं कापड असंच विरून जाणार, आणि तिला फार वाईट वाटे.

एके दिवशी सकाळी राजधानीतून एक मल्ल आला. अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून दांडगा. त्या राज्यात रीत होती, की जिचा एकही शिष्य आव्हान देणाऱ्याला हरवू शकत नाही, त्या तालमीने आपलं दार बंद करायचं.

"न लागणारे ठोसे शिकवता म्हणे!" तो दारातूनच ओरडला. "अहो, मग फुगड्या का नाही शिकवत?"

दोन जुने शिष्य पुढे झाले. दोघांनीही नियम पाळून हात थांबवला आणि मल्लाने दोघांनाही धोपटून काढलं. तिसरा कोणी उठेना. दार बंद व्हायची वेळ आली.

तेव्हा लोहारीण उठली. "वस्ताद, मी उभी राहू?"

वस्तादांचा चेहरा पडला. "पोरी, तुझा हात थांबत नाही."

"मला मार बसला तर बसू दे."

"तुझी कोणाला काळजी आहे? मला त्याची काळजी आहे! तुझा एक ठोसा लागला तर हा गडी उठायचा नाही."

गर्दीतून लोहार पुढे आला. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा माणूस, पण त्याने दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरून दाखवली.

"वस्ताद, ही मोजा. बारा वर्षं हिचा घण माझ्या हाताशेजारी पडतोय. दहाच्या दहा शाबूत आहेत."

वस्ताद त्या बोटांकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "उभी राहा."

लोहारीण वाकली. मल्ल वाकला नाही. त्याने पहिल्याच झटक्यात तिच्या खांद्यावर गुद्दा घातला, दुसरा नाकावर. नाकातून रक्त आलं. "हाण त्याला!" गाव ओरडलं. लोहारणीने पाय रोवला, कंबर वळवली आणि तिचा ठोसा सुटला. मल्लाला कळलं, आता काही खरं नाही. त्याने डोळे घट्ट मिटले.

काहीच झालं नाही.

त्याने एक डोळा उघडला. त्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर ती मूठ थांबली होती. "हरलो," म्हणत मल्ल मटकन खाली बसला. गावकऱ्यांनी टोप्या उडवल्या. कुंभार तर इतका नाचला, की त्याचं धोतर सुटायचंच राहिलं.

"मी तुझं नाक फोडलं," मल्ल खालूनच म्हणाला. "मग तू का थांबलीस?"

लोहारणीने बाहीने नाक पुसलं. "तुमच्या घरी कोणी वाट बघत असेल की नाही?"

मल्ल म्हणाला, "आई आहे."

"मग निघा. जेवायच्या वेळेला पोचायला हवं."

वस्तादांनी स्वतःच्या कमरेचा लाल पट्टा सोडला आणि तिच्या कमरेला बांधला. "तीन वर्षं मी तुला माणसापासून लांब ठेवलं," ते म्हणाले. "चूक माझी होती." आणि सगळ्या तालमीदेखत ते तिच्यासमोर वाकले. लोहारीण रडत होती आणि हसतही होती, आणि लोहार दहाही बोटांनी टाळ्या वाजवत होता.

आठ दिवसांनी तालमीच्या दारात मल्ल पुन्हा उभा राहिला. अंगात पांढरे कपडे होते, हातात आईने दिलेला लाडवांचा डबा होता. या वेळी आत पाऊल टाकण्याआधी तो वाकला.

तात्पर्य : नुसत्या नियमाने हात थांबतोच असं नाही, समोरच्याची काळजी असेल तर मात्र तो थांबतो, आणि असा थांबणारा हातच खरा बळकट.