गुलाबी किनारा आणि पांढरा महाल

एका राज्यात समुद्राची वाळू गुलाबी होती. पहाटे तर अशी, की उगवतीचा रंग खाली सांडला की वाळूचा वर चढला, कळू नये! तिथली रीत होती, की नव्या राणीने अनवाणी त्या वाळूत उभे राहायचे आणि किनाऱ्याला शब्द द्यायचा, "तू आहेस तोवर मी आहे."

राजा धवलसेनाची कन्या कमळजा दूरदेशी विद्या शिकून परतली. गलबतावरून पाहते तो काय, किनारा राखेसारखा फिका! धावत ती महालात गेली. राणी हेमांगी आसनावर बसली होती, गुडघ्यांपर्यंत दगड झालेली.

"आई!"

"घाबरू नकोस, बाळ. वाळूचा रंग उतरतो आहे, तशी मी दगड होते आहे. शब्द दिला होता ना!"

राजा हताशपणे म्हणाला, "रंगारी लावून वाळू रंगवली. पहिल्याच लाटेने रंग धुऊन नेला."

हा समुद्राची राखण करणाऱ्या जळजोगिणीचाच शाप असणार, असे वाटून कमळजा तडक समुद्रात कमरेइतक्या पाण्यात गेली. "जळजोगिणी, हा शाप उतरव!"

लाट दुभंगली. शेवाळाच्या केसांची जळजोगीण वर आली. "मी घातला असता तर उतरवला असता. तुमच्यातलेच कुणी या वाळूच्या कारागिरांना मारते आहे, आणि ते कारागीर कोण, हे तुम्हीच विसरलात. तीन किनाऱ्यांना विचार, तुम्हाला कुणी घडवले. उत्तर आण. वाळूचा कण मात्र आणू नकोस, नाहीतर तूही दगड होशील."

वल्ह्यांवाचून चालणारी होडी पुढे आली. तिच्या टोकावर एक पांढरी समुद्रपक्षीण बसली होती.

"बस, विदुषी," ती म्हणाली. "पोहता येते की नुसते वाचताच येते?"

"दोन्ही येते. तू वाट दाखव, टोमणे पुरे!"

पहिला किनारा काजळासारखा काळा. कमळजाने विचारताच तो गरजला, "डोंगराच्या पोटातून वितळलेला दगड धावत आला आणि त्याने समुद्रात उडी घेतली! थंड पाण्यात त्याच्या ठिकऱ्या उडाल्या. त्या ठिकऱ्या म्हणजे मी!" कमळजाच्या अंगावर काटा आला. आगीची वाळू!

दुसरा किनारा हिरवागार. तो हळू बोलला, "डोंगरात हिरवे स्फटिक होते. डोंगर झिजला. मग लाटांनी सुपात पाखडावे तसे मला पाखडले. हलके कण उडाले, जड हिरवे उरले." कमळजा होडीत चढणार, तोच पक्षिणीने तिच्या टाचेला चिकटलेला हिरवा कण चोचीने टिपून फेकला.

"चोर कुठली!"

"माझा जीव वाचवलास गं!"

तिसरा किनारा दुधासारखा पांढरा. तो हसत म्हणाला, "पाण्यात बघ." पोपटाच्या चोचीसारख्या तोंडाचे मासे पोवळ्यांचे खडक कराकरा खात होते. "ते खातात, आणि मागून जे पडते, तो मी!"

"म्हणजे मी माशांच्या विष्ठेवर उभी आहे?"

"आहेसच! पण किती मऊ आहे!"

कमळजा आधी खदखदून हसली, मग एकदम थबकली. "वाळू जिवंत प्राणीही घडवतात? मग आमची?"

"पोवळ्यांच्या खडकाखाली, सावलीत, तिळाहून लहान जीव राहतात. त्यांची कवचे लाल. ते मेले की लाटा कवचे किनाऱ्यावर आणतात. पांढऱ्या वाळूत ती मिसळली, की गुलाबी."

कमळजा परतली, तेव्हा राणी गळ्यापर्यंत दगड झाली होती. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कमळजाने खिडकीबाहेर पाहिले. किनाऱ्यावर चुन्याच्या भट्ट्या धडधडत होत्या. माणसे पहारींनी समुद्रातले खडक फोडून आणत होती. राजा बांधून होत असलेल्या नव्या पांढऱ्या महालाच्या भिंतीपाशी उभा होता. ती धावत त्याच्याकडे गेली.

"बाबा, हा चुना कशाचा?"

"समुद्रातल्या खडकाचा! इतका शुभ्र चुना त्रिभुवनात नाही."

"बाबा, तीच त्या कारागिरांची घरे! तुम्ही ती भाजता आहात!"

राजाचा चेहरा भिंतीहून पांढरा पडला. "पण महाल अर्धाच झाला आहे..."

"आणि आईचा चेहराच तेवढा उरला आहे."

राजाने एकदा महालाकडे पाहिले, एकदा राणीच्या खिडकीकडे. मग पाण्याची घागर उचलून पहिली भट्टी त्याने स्वतःच्या हाताने विझवली. "पहारी खाली ठेवा!" तो ओरडला.

कारागिरांचे मरण थांबले, तसा तिकडे राणीचा गळा मोकळा झाला. तिचा पहिला शब्द होता, "पाणी." राजाने धावत येऊन स्वतः भांडे तिच्या ओठांना लावले.

कमळजाने समुद्रात बुडी मारली. एका अभंग खडकाच्या सावलीत लाल ठिपके हलत होते. उरले होते! तिथे तिने पहारे बसवले. वर्षे लोटली. कवचे येत गेली, वाळू रंगत गेली, राणी मोकळी होत गेली: आधी खांदे, मग हात, मग कंबर. आणि एका सकाळी सारा किनारा गुलाबी झाला! राणी उठली, तिने हातपाय ताणले आणि ती म्हणाली,

"चला महाराज, बसून बसून कंटाळा आला. आज मला लाटेपर्यंत पळायचे आहे."

तिचा किनारा रंगला, तसे ऐकणाऱ्यांचेही किनारे रंगोत.