कुंभारणीच्या कुंड्या

फार पूर्वी, ओढ्याच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक कुंभार आणि कुंभारीण राहत होती. त्यांना एकच लेक. ती जवळच्याच गावात नांदत होती आणि तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. कुंभारणीने जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली, डिंक आणि खारीक आणून ठेवली आणि लेकीची वाट पाहू लागली.

पण ते गाव डासांसाठी प्रसिद्ध होतं. दिवेलागण झाली की माणसं एका हाताने जेवायची आणि दुसऱ्या हाताने पाय बडवायची. दर पावसाळ्यात घरोघरी हिवताप. मागच्या साली शेजारच्या सुताराची सून ओली बाळंतीण असताना तापाने फणफणली आणि जेमतेम वाचली.

गावाला हे कळत नव्हतं असं नाही. पारावर रोज त्याचीच चर्चा चाले. कुणी ओढ्याला दोष देई, कुणी वाऱ्याला, कुणी पलीकडच्या आळीला. बोलण्याने डास मरत असते, तर त्या गावात औषधालाही डास उरला नसता.

अशात विहीणबाईंचा निरोप आला. लेक तुमची असली तरी पोटातलं बाळ आमचंही आहे, तेव्हा आधी मी येऊन एक रात्र राहीन. डासांनी मला झोपू दिलं तरच सुनेला पाठवीन.

कुंभारणीला राग आला नाही. विहीण खोटं बोलत नव्हती. तिने पारावर जाऊन उसासे टाकण्याऐवजी कुदळ उचलली. काही झाडांचा वास डासांना सोसत नाही, हे तिने आईकडून ऐकलं होतं. तिने कुंपणाला निर्गुडी लावली, न्हाणीच्या कडेला गवती चहा, दारात झेंडू. तुळस, सब्जा आणि पुदिना कुंड्यांत लावून ओट्यावर मांडले. कुंड्यांचं पाणी गळून ओट्याचं सारवण उखडू नये, म्हणून कुंभाराने प्रत्येक कुंडीखाली ठेवायला उंच काठाची खोल ताटली घडवून दिली. स्वतःच्या ताटल्यांवर तो फार खूश होता.

सुतारीण कुंपणावरून डोकावून म्हणाली, "काय गं, डासांना फिरायला बाग करतेस होय?"

झाडं मात्र जोमात वाढली. पानं चुरडून हातापायांना चोळली की घटकाभर डास खरंच लांब राहत. पण घरात शिरलं की पुन्हा तीच गुणगुण. कुंभारणीने आणखी कुंड्या मांडल्या. डास कमी होईनात.

विहीणबाई यायच्या त्या दिवशी सकाळी ती निर्गुडीचा पाला तोडायला परसात गेली. तिथे खापरांचा ढीग होता. कुंभार फुटकं मडकं कधी फेकत नसे. पाऊस संपला की भट्टी लावायची, तेव्हा कच्च्या मडक्यांवर झाकायला हीच खापरं लागतात. तोवर चार महिने ती उघड्यावर पडून असत. तळ शाबूत असलेल्या एका अर्ध्या मडक्यात पाणी साचलं होतं आणि त्यात बारीक किडे वळवळत होते. लग्न होऊन आली तेव्हापासून ती ते पाहत आली होती. पावसाच्या पाण्यात असतात तसले किडे, असंच तिला वाटे.

आज ती पाला तोडता तोडता थांबली. पाण्यावर आलेल्या एका किड्याची पाठ उकलली. आतून एक डास बाहेर आला, क्षणभर पाण्यावर टेकला आणि घराच्या दिशेने उडाला.

कुंभारीण धावत ओट्यावर आली. तिने तुळशीची कुंडी उचलली. खालच्या ताटलीत तेच पाणी, तीच वळवळ. जी तुळस डास हाकलायला लावली, तिच्याच पायाशी डासांचा पाळणा हलत होता.

काही आवराआवर करायच्या आतच विहीणबाई दारात उभ्या राहिल्या. कुंभारणीने त्यांचं हवं-नको पाहिलं, सब्जाचा पाला चोळायला दिला, कडुनिंबाच्या पाल्याची धुनी केली आणि त्यांचं अंथरूण त्या धुराशेजारी घातलं. विहीणबाईंना गाढ झोप लागली. सकाळी त्या म्हणाल्या, "चांगलं केलंत हो. सुनेला पाठवते मी."

कुंभाराला तिने रात्रीच सगळं सांगितलं होतं. तो मागे उभा राहून बायकोला डोळ्यांनी खुणावत होता, की आता गप्प बस. गप्प बसलं की लेक घरी येणार होती. पण कुंभारणीच्या डोळ्यांपुढे सुताराची सून आली, बाळाला दूध पाजायचंही त्राण नसलेली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "एक रात्र मी तुम्हाला धुरात झाकून ठेवलं. बाळंतिणीला आणि तान्ह्या जिवाला रोज असं धुरात ठेवता येणार नाही. परसात चला, काय आहे ते बघा."

विहीणबाईंनी मडक्यात वाकून पाहिलं.

"मग आता नाही पाठवत," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पण गाठोडं उचलून त्या निघून गेल्या.

कुंभार संतापला. तोंडाशी आलेला घास हिने स्वतःच्या हाताने फेकला, असं म्हणाला. बायकोची नजर खापरांकडे वळताच त्याने बजावलं, "ती टाकायची नाहीत. खापरं म्हणजे भट्टीचं पांघरूण. माझ्या बापानेही कधी टाकली नाहीत."

"टाका कोण म्हणतंय? पालथी घाला."

कुंभाराने ढिगाकडे पाहिलं. मग त्याला हसू आलं. "लोक मला जन्मभर पालथा घडा म्हणत आले," तो म्हणाला, "आणि मी मात्र घडे उताणेच ठेवले."

दोघांनी मिळून सगळा ढीग पालथा घातला. ताटल्यांतलं पाणी कोरड्या मातीत ओतलं आणि त्यांत काठोकाठ वाळू भरली. पाण्याच्या रांजणाला घट्ट फडकं बांधलं. थोड्याच दिवसांत घरातली गुणगुण कमी झाली. तरी शेजारून डास येतच होते. मग कुंभारीण रोपं घेऊन घरोघर निघाली. हिरवीगार तुळस सगळ्यांनाच हवी होती. पण आधी परस दाखवल्याशिवाय ती कुणाला रोप देईना. सुतारणीच्या परसात काठ फुटलेलं लाकडी भांडं निघालं, तेल्याकडे गळकी घागर, पाटलांच्या वाड्यामागे गुरांची सोडून दिलेली दगडी कुंडी. कुणी लाजलं, कुणी वाद घातला. पाणी मात्र सगळ्यांनी ओतलं.

एका संध्याकाळी दारात बैलगाडी थांबली. विहीणबाई सुनेला हात देऊन उतरवत होत्या. गावात शिरण्याआधीच त्यांनी चार जणांकडे डासांची चौकशी केली होती.

"आज धूर नको, पालाही नको," त्या म्हणाल्या. "परसातच बसू या."

तिघी परसात बसल्या. अंधारून आलं. कुंभारणीची नजर लेकीच्या उघड्या दंडावर होती. सवयीने तिने चापट मारायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. मारायला काही नव्हतं. मग तिने तोच हात अलगद लेकीच्या पोटावर ठेवला.

विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "बाळंतविडा इकडेच पाठवते."

तात्पर्य: दारात राखणदार बसवण्याआधी, परसात आपणच चोराला जेवू घालत नाही ना, हे पाहावं.