धुरपदा सुईणीनं धरायला लावलेलं सोयर

फार वर्षांपूर्वी, पिंपळमाचीला अजून गाडीवाटही नव्हती तेव्हा, तिथं धुरपदा नावाची सुईण होती. तिच्या हातून हजार पोरं जन्मली, असं म्हणतात. गावातल्या कुठल्याही मिशाळ बाप्याला ती भर चावडीत म्हणायची, "गप रे, तुजा पयला टाहो म्या ऐकलाय." आणि बाप्या गप बसायचा.

त्याच गावात हैबती साळी लुगडी विणायचा. एकदा त्याचा माग दोन महिने बंद पडला. तो जेवेना, बोलेना, भिंतीकडे तोंड करून बसून राही. गावानं काय विचारलं? लुगडं कधी मिळणार, एवढंच विचारलं. मला अजून त्याचा राग येतो.

मग एका सकाळी हैबतीनं आपला जीव द्यायला पाहिलं. कसा, ते मी सांगणार नाही. ते ऐकून कुणाचं भलं होत नाही. त्याची बायको सगुणा वेळेवर आली आणि तो वाचला.

आता माणूस वाचला तर गावानं साखर वाटावी की नाही? पिंपळमाचीनं सुतक धरलं. जित्या माणसाचं सुतक! तशी तिथली रीतच होती. दौलू पाटलानं चावडीवर सांगितलं की मरण मागून आलेल्याला मरणाचा विटाळ असतो. त्यानं दहा दिवस देवळामागच्या पडवीत एकट्यानं राहायचं, कुणी शिवायचं नाही, पाणीसुद्धा लांबून ओतायचं. एकटेपणानं ज्याला पोखरलं, त्याला औषध म्हणून आणखी एकटेपण! हैबतीला धड श्वास घेववत नव्हता, अंगात ताप चढत होता, आणि शहाणं गाव घरात बसून दिवस मोजत होतं.

सगुणा धुरपदाच्या दारात गेली. "आत्या, समदी म्हंत्यात धा दिस कळ काढ. पर त्येंचं धा दिस निघायचं न्हाईत."

धुरपदा तडक पडवीत शिरली. तिनं हैबतीचा हात धरला, कपाळ पाहिलं. "मला बाळंतपण कळतं," ती म्हणाली, "ह्ये माज्या अकलेभाईर हाय. वैद्य पायजे." आणि तिनं त्याला पाठुंगळी घेतलं.

वैद्य राहायचा नदीपलीकडे, आणि नदी दुथडी भरलेली. धुरपदानं काठावर उभं राहून नदीला अशा काही शिव्या घातल्या की पाणी लाजून घोट्याएवढं झालं, असं म्हणतात. नदी लाजली. गाव नाही लाजलं.

वैद्यानं आधी तोंड फिरवलं. "आत्महत्या म्हणजे महापाप आहे, बाई."

"पापपुण्य देव बघंल. तू त्येची जीभ बघ, डोळं बघ, आन् औषद दे!"

वैद्य ओशाळला. मग मात्र तीन दिवस तो हैबतीच्या उशाशी बसून होता. ताप उतरला. चौथ्या दिवशी धुरपदा हैबतीला घेऊन परतली, तर वेशीत पाटील उभा. "सुतकाचं सा दिस बाकी हाईत," तो म्हणाला.

धुरपदा कडाडली. तिच्या आवाजानं देवळातली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात. "कसलं सुतक, दौलू? मेलाय कुटं त्यो? पुन्यांदा जल्मलाय! आन् ह्या गावात कोन जल्माला आलं, ह्ये सांगायचा मान माजा हाय. सोयर धरा!"

सोयर म्हणजे घरात मूल जन्मल्यावर पाळतात ते. आणि बाळंतपणाच्या बाबतीत सुईणीचा शब्द कोण मोडणार?

तिनं हैबतीला त्याच्याच घरात बाजेवर निजवलं. कानाला फडकं बांधलं, बाजेखाली शेगडी ठेवली, आळिवाची खीर भरवली. पोरं खिदळली, "मिशीवाली बाळंतीण!" तेव्हा हैबतीच्याही ओठांवर हसू आलं, दोन महिन्यांतलं पहिलं. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवायची रीत असते. तो तिनं ठेवला नाही. घरातली सगळी धारेची हत्यारं उचलून आपल्या घरी नेली. पण बाळंतिणीला सव्वा महिना एकटं सोडायचं नाही, ही रीत तिनं अख्ख्या गावाला पाळायला लावली. रोज एका घरानं येऊन बसायचं. "का केलंस आसं कुनी इचारलं तर जीभ हासडीन. बोलला तर ऐका. न्हाई बोलला तर नुसतं बसा."

एकोणिसाव्या दिवशी पाळी पाटलाची आली. तो कपाळाला आठ्या घालून बसला. दुपारी हैबती हळूच म्हणाला, "पाटील, दिस उजाडू नये वाटतं. आंगावर दगड ठिवल्यागत वाटतं."

पाटलानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "माजा थोरला भाऊ येसबा आसंच म्हनायचा. त्योबी वाचला हुता. आमी त्येला पडवीत ठिवला." त्यानं बाजेचा काठ घट्ट धरला. "धा दिस झालंच न्हाईत, हैबती. चौथ्या दिशी त्यो ग्येला."

आणि ज्याला त्यानं शिवायची बंदी केली होती, त्याच हैबतीचा हात धरून पाटील रडला.

दुसऱ्या दिवशी पाटलानं ती पडवी स्वतः कुदळीनं पाडली. हैबती सव्वा महिन्यात बरा झाला नाही. खोटं कशाला सांगू? वैद्याकडे तो वर्षभर खेपा घालत होता. वाईट दिवस पुन्हा आले, पण तेव्हा त्यानं स्वतः निरोप धाडला, "कुनीतरी येऊन बसा." आणि लोक आले. पुढं त्यानं माग सुरू केला, आणि नातवंडं पाहून म्हातारा होऊन गेला.

धुरपदा कधी गेली ते कुणालाच आठवत नाही. पिंपळमाचीत मात्र तिचं सोयर अजून धरतात. कुणी असं मरणाच्या दारातून परतलं की गावकरी आधी तालुक्याच्या दवाखान्यात नेतात, मग मनाच्या डॉक्टरकडे, आणि प्रत्येक खेपेला कुणीतरी सोबत जातंच. घरी सव्वा महिना पाळीपाळीनं बसतात. बसायला येणारा उंबऱ्याबाहेर चप्पल काढतो, आणि आत जाण्याआधी मनाशी म्हणतो, "येसबा, तुझ्या वेळी आम्ही आलो नाही."