सावरघळचा दौलू परीट आणि तीन तालमींची दारं

सावरघळच्या खिंडीतून फक्त लादलेले बैल यायचे, गाडीची वाटसुद्धा नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. गाव एवढंसं, पण तालमी तीन. वरच्या आळीत लाठीची, मधल्या आळीत पट्ट्याची आणि खालच्या आळीत कुस्तीची. पट्टा म्हणजे कोपरापर्यंत लोखंडी मूठ असलेली लांब, लवलवती तलवार. ती फिरवणारा उभा राहिला की भोवतीची दहा हात जागा त्याची.

तिन्ही तालमींचं एका बाबतीत मात्र एकमत होतं. पोरगं तालमीत आलं की पहिल्या दिवशी बेलभंडारा उचलून शपथ घ्यायची, की दुसऱ्या तालमीची माती पायाला लावणार नाही. तिन्ही वस्ताद एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसत, असं म्हणतात.

या गावात परटाचे दोन मुलगे होते. थोरला दौलू, धाकटा येसू. आई-बाप लवकर गेले, दौलूनंच येसूला वाढवलं. धुणी आपटून दोघांचे हात लहानपणापासून कसलेले, म्हणून दोघं कुस्तीच्या तालमीत गेले. येसू तर असा निघाला, की दहा गावांत त्याची पाठ मातीला लावणारा माणूस नव्हता. तो बैलाला शिंगांना धरून बसवायचा, असं म्हणतात. त्याला दुसरं काही नको होतं. कुस्ती हेच त्याचं सगळं.

दौलूचं तसं नव्हतं. एकदा नदीच्या उतारावर त्यानं एका गुरंचोराला पाहिलं. समोर कुस्तीतला नावाजलेला गडी होता, पण चोराच्या हातात काठी होती. त्यानं गड्याला जवळ येऊच दिलं नाही, लांबूनच बडवून काढलं. ते दौलूच्या डोक्यातून जाईना. मग कपडे पोचवायच्या निमित्तानं तो वरच्या आळीत जायला लागला आणि लाठी शिकला. पुढे मधल्या आळीत जाऊन पट्टा शिकला. सात वर्षं गेली, आणि शेवटी हे कळलंच.

आता ऐका गंमत. गावाचं तळं फुटलं तेव्हा हे तीन वस्ताद एकत्र बसले नव्हते. तापाच्या साथीत घरोघरी माणसं गेली तेव्हाही बसले नव्हते. पण परटाचं पोर तीन विद्या शिकलं म्हटल्यावर तिघं पारावर मांडीला मांडी लावून बसले. यानं विद्या बाटवली, म्हणाले. तिन्ही तालमींतून त्याला काढून टाकलं. कुणी त्याच्याशी हात मिळवायचा नाही, जत्रेत त्याला आखाड्याजवळ उभं करायचं नाही, असं ठरलं. सांगताना अजूनही राग येतो.

दौलू नदीच्या घाटावर धुणी धुवत राहिला. एक गोष्ट मात्र त्यानं येसूजवळ काढली.

"तुझी कुस्ती सोडू नकोस," तो म्हणाला. "तुझ्यासारखी कुणाला येत नाही. फक्त लांबून येणारा वार अडवायला शीक. चार दिवसांत येईल."

येसू साधा माणूस. शपथ मोडायची नाही म्हणून तो परवानगी मागायला वस्तादाकडे गेला. वस्ताद म्हणाले, काठी हातात धरायची असेल तर लंगोट इथं काढून ठेव आणि जा. येसू मान खाली घालून परत आला. पुन्हा तो विषय निघाला नाही.

त्याच वर्षी, खळी उरकून धान्य घरात आलं असताना, भर दुपारी खिंडीतून पेंढारी उतरले. चाळीस घोडेस्वार होते. आता तरी एकत्र उभं राहावं की नाही? पण दुसऱ्याच्या हुकमाखाली उभं कोण राहणार? पट्टेवाले आपल्या आळीतच थांबले, आणि त्या अरुंद बोळात त्यांचे पट्टे भिंतींवर आपटायला लागले. लाठीवाले माळावर पांगले, घोडे अंगावर आले तेव्हा हातघाईत खाली पडले. आणि वेशीत रिकाम्या हातांनी उभे राहिले कुस्तीवाले. सगळ्यांच्या पुढे येसू.

येसूनं पहिला घोडा स्वारासकट उलथवला. दुसराही उलथवला. तिसरा तर खांद्यावर घेऊन फेकला, असं म्हणतात. चौथा स्वार हुशार होता. तो जवळ आलाच नाही. त्यानं लांबूनच भाला चालवला.

दौलू घाटावरून धावत आला तेव्हा येसू वेशीत पडला होता. दौलूनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि माळावरून पळून आलेल्या कुणाची तरी शेजारी पडलेली लाठी उचलली. लाठी मोडली तेव्हा मधल्या आळीतल्या कुणीतरी फेकलेला पट्टा हातात चढवला. पट्टा वाकला तेव्हा हातांनी माणसं ओढून खाली घेतली. त्यानंतर त्या अरुंद वेशीतून एकही स्वार आत गेला नाही. उन्हं कलली तेव्हा पेंढारी मागे फिरले. पुढच्या मुक्कामी त्यांनी सांगितलं, की सावरघळच्या वेशीत तिघे सख्खे भाऊ उभे होते, असं म्हणतात.

रक्त अजून वाळलं नव्हतं, तोच तिन्ही वस्ताद फेटे घेऊन आले. दौलू येसूचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. कुस्तीचे वस्ताद म्हणाले, पहिली माती आमची, हा आमचा. लाठीचे म्हणाले, लाठी फिरली तेव्हा पेंढारी थांबले, हा आमचा. पट्ट्याचेही तेच म्हणाले. मढ्यासमोर तिघांचा वाद सुरू झाला.

दौलूनं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"मला आपला म्हणायला तिघं आलात," तो म्हणाला. "येसूला आपला म्हणायला कोण आलंय?"

तिघांचे फेटे हातातच राहिले.

"ज्याला एकच शिकायचंय त्यानं एकच शिकावं. येसूचं काही चुकलं नव्हतं. तो विचारायला आला होता. तुम्ही त्याला हाकललं."

एवढं बोलून तो उठला. वरच्या आळीत गेला आणि तालमीचं सागवानी दार बिजागरीसकट उपटून खांद्यावर घेतलं. मग मधल्या आळीतलं घेतलं, मग खालच्या आळीतलं. चार माणसांना न उचलवणारी तीन दारं त्यानं एकट्यानं नदीवर नेली, असं म्हणतात. त्या तीन दारांवर येसूला अग्नी दिला. धूर तीन दिवस तिन्ही आळ्यांवर बसून राहिला, आणि तेवढे दिवस गावात कुणाचा कपडा पांढरा निघाला नाही.

दौलूनं तालीम काढली नाही, फेटाही बांधला नाही. म्हातारा होईपर्यंत घाटावर धुणी धुतली. येईल त्याला तिथंच शिकवलं. एक मागणाऱ्याला एक, तीन मागणाऱ्याला तीन.

सावरघळच्या तिन्ही तालमींना अजून दार नाही. नुसती चौकट आहे. पावसात कुत्री आत येऊन निजतात, त्यांना कुणी हाकलत नाही. दरवर्षी खळी उरकली की गाव दौलूच्या नावानं घाटावर जमतं. पोरं-पोरी एकमेकांच्या तालमीची माती मुठीत आणून पायाला लावतात. मग परटाच्या घरातलं थोरलं माणूस पुढे होतं आणि तिन्ही वस्तादांना विचारतं, "येसू कुणाचा?"

वस्तादांनी पाण्यात उभं राहून, मान खाली घालून, एकदम म्हणायचं, "आमचा."

तिघांतला एक जरी मागे राहिला, तरी परत विचारतात.