मास्तरखिंडीतलं बिनचालीचं गाणं

धोंडझिऱ्याहून वर जाणारी वाट दोन टेकड्यांमधून निघते, तिला मास्तरखिंड म्हणतात. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, गावची ख्रिस्ती मंडळी गात गात इथवर चढून येते. बरोबर कुणी नवा पाहुणा असला, की मंडळीतले वडील शलमोनबाबा त्याला सावलीच्या दगडावर बसवतात आणि रखमाजीची हकिकत सांगतात.

रखमाजी गोफणीचा बहाद्दर होता म्हणे. शेतातल्या माळ्यावर उभा राहिला की दिवस मावळेतो जोंधळ्यावर पाखरू टेकायचे नाही. त्या काळी लाजरसमास्तर डफ घेऊन गावोगाव येशूची भजने गात हिंडत. ती ऐकून रखमाजीचा धाकटा भाऊ धर्माजी ख्रिस्ती झाला आणि भाऊबंदांनी त्या घराशी येणे-जाणे तोडले. रखमाजीने ते मनात धरले.

एके सकाळी मास्तर एकटेच खिंड चढत होते. आदल्या दिवशी रचलेले गाणे, स्वतः बांधलेल्या चालीत, पहिल्यांदाच मोकळ्या गळ्याने म्हणत होते. वर दबा धरून बसलेल्या रखमाजीला झुडपांमुळे माणूस दिसेना. त्याने आवाजावर नेम धरला. दगड गळ्यावर बसला. पडता पडता झुडपांच्या फटीतून मास्तरांची नि त्याची नजरानजर झाली.

मास्तर जगले, पण आवाज कायमचा गेला. पाटलाने विचारले, "कुणी मारलं?" मास्तरांनी नुसती नकाराची मान हलवली. हे ऐकल्यावर तीन दिवस रखमाजीला घास गिळवेना. चौथ्या दिवशी तो त्यांच्या दारात जाऊन बसला. मास्तरांनी पाटीवर काही लिहिले. धर्माजीने वाचले, "दादा, मास्तर म्हणतात, आता तू गा."

रखमाजीने गोफण चुलीत घातली आणि बाप्तिस्मा घेतला. जी ईर्षा पाखरांमागे होती, ती भजनात उतरली. अठरा वर्षे मास्तर डफ वाजवत आणि तो गाई. बाकी भजनांच्या चाली लोकांना ठाऊक होत्या. ते एक गाणे मात्र मास्तरांनी लिहून दिले तरी अडले. त्याची चाल जगात एकट्या रखमाजीच्या कानावर पडली होती, आणि त्याने ती नेमापुरतीच ऐकली होती.

मास्तर शेवटचे अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांनी त्याच गाण्यावर बोट ठेवले. रखमाजीने एक चाल लावून पाहिली. मास्तर हसले, 'ही नव्हे' अशी मान हलवली. दुसरी लावली, तिसरी लावली. अखेर तो रडत रडत ते शब्द नुसतेच बोलला. मास्तरांनी डोळे मिटून ऐकून घेतले. त्याच संध्याकाळी ते गेले, असे सांगतात.

पुढे लोक म्हणाले, "रखमाजीबाबा, आपण नवी चाल लावू."

तो म्हणाला, "चाल होती. माझ्या कानाशी आली होती. म्या ऐकली नाही."

आजही खिंडीत पोचल्यावर मंडळी डफ खाली ठेवते आणि ते गाणे साध्या बोलण्यात म्हणते. कधी एखाद्या गात्या गळ्याच्या सुनेला छानशी चाल सुचते. शलमोनबाबा ती शेवटपर्यंत ऐकतात, चांगली आहे म्हणतात, आणि शुक्रवारी सगळ्यांबरोबर ते शब्द पुन्हा नुसतेच बोलतात.